रुमालाखालचा ससा

तात्याराव दुधाटे आपल्या अंगणात बोलायला लागले की समोरच्या माझ्या घरात पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. ते ओरडत नाहीत. त्यांचा आवाजच जनावरांच्या बाजारात वाढलेला आहे, आणि आता सत्तरीत तो काही बारीक व्हायचा नाही.

ताडकळसच्या आणि आसपासच्या बाजारांत त्यांनी जन्मभर हेडीपणा केला. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. इथून बैल घ्यायचा, तिथं द्यायचा. नाहीतर घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचा. पाठीवर थाप मारून, शेपूट उचलून, जबडा उघडून दात बघून तात्याराव बैलाचं वय सांगत, स्वभाव सांगत, आणि मालक काय लपवतोय तेही सांगत. आता ट्रॅक्टरमुळे बाजार आक्रसला आहे, गुडघेही कुरकुरतात. तरी बाजाराच्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून ते जातातच. कुणी बोलावलं तर एखादा सौदा करतात, नाहीतर भुजंगच्या हॉटेलात बसून दुसऱ्यांनी केलेल्या सौद्यांना नावं ठेवतात.

गंमत अशी, की या गडगडाटी माणसाचं खरं काम मुकाट्यानं चाले. भावाची वेळ आली की खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल ते समोरच्याच्या हातावर टाकत आणि रुमालाखाली दोघांचे हात एकमेकांना भेटत. कुठलं बोट धरलं, किती बोटं दाबली, त्यावरून भाव कळे. भोवतीच्या घोळक्याला पत्ता लागत नसे, कारण दोघेही हाताकडे बघतच नसत. एक आभाळाकडे, दुसरा कुणाच्या तरी म्हशीकडे. मालकाला जनावर द्यायचंच नसेल तर तो रुमालाखाली मूठ वळून ठेवी.

"मूठ उघडायची, हेच तर हेड्याचं काम," तात्याराव सांगतात. "मी उघडली न्हाई अशी मूठ ह्या जिल्ह्यात झाली न्हाई."

ही बोटांची भाषा घरात सांगायची नाही, असा हेड्यांचा कायदा. बायकोलासुद्धा नाही.

त्यांच्या बायकोचं नाव धुरपताबाई. यांचा आवाज मात्र इतका हलका, की शेजारी बसून धान्य निवडताना मला दोनदा विचारावं लागतं, काय म्हणालात म्हणून. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दारातली जनावरं सांभाळली. संध्याकाळी नवं जनावर यायचं, त्या पाणी पाजायच्या, अंग चोळायच्या, कधी चार दिवस, कधी महिना. मग एका बाजाराला ते जायचं. नव्यानं आल्या तेव्हा त्यांनी एका गायीचं नाव चंद्री ठेवलं होतं. पंचमीला माहेरी गेल्या, आठवड्यानं परत आल्या, तर चंद्रीचा खुंटा रिकामा. "काय बोलायचं? धंदाच त्यो," त्या मला म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी एकाही जनावराचं नाव ठेवलं नाही. काळी, पांढरी, शिंगमोडी. नाव नव्हे, ओळखीपुरतं.

तर अशा या धुरपताबाईंनी नवऱ्याकडे एक गोष्ट मागितली.

परभणीला त्यांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा त्या लेकीकडे, प्रियांकाकडे राहिल्या होत्या. प्रियांकाच्या घराला लागून सोडून दिलेल्या, अपघातात सापडलेल्या प्राण्यांसाठी जनावरांच्या एका डॉक्टर मुलीनं आसरा चालवलेला आहे. पत्र्याची शेड, जाळ्या, सगळी कुत्री-मांजरं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर धुरपताबाई काळा चष्मा लावून कुंपणाशी उभ्या राहायच्या. तिथं एका जाळीत, कोपऱ्यात, राखेच्या रंगाचा एक ससा होता. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे. रोज जाऊन बघितलं तरी पाठच.

घरी आल्यावर त्या तात्यारावांना म्हणाल्या, "मला एक जनावर पायजे. तुमी इकणार न्हाई, असं."

हे मला तात्यारावांनीच येऊन सांगितलं. चिडले नव्हते, चक्रावले होते. "ससं, बाई! दूध न्हाई, नांगर न्हाई, शेणाचा बी उपेग न्हाई. मी म्हणलं, करायचं काय त्येचं? तर म्हणली, काई न्हाई. असं कुठं असतंय का, काईच करायचं न्हाई असं जनावर?"

"मग काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय? जन्मात पयल्यांदा कायतरी मागितलं तिनं. पर तुमी शाळेच्या बाई, तुमी चला संगं. मी एकटा गेलो तर हेडी म्हणून हाकलून देतील."

म्हणून आम्ही तिघं एसटीनं परभणीला गेलो.

डॉक्टर मुलीचं नाव पंकजा. वय, मी निवृत्त झाले तेव्हाच्या शेवटच्या वर्गातल्या मुली आज असतील तेवढं, बोलणं नीटस, हातावर मांजरांचे ओरखडे. तिनं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तात्यारावांना विचारलं, "काका, तुम्ही काय करता?"

"जनावराचंच काम हाय."

"अरे वा! म्हणजे काय करता?"

"घेतो, इकतो."

मी हळूच त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. पंकजाच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मागं सरलं. तिनं मग धुरपताबाईंकडे बघून सांगायला सुरुवात केली. कुणी भाडेकरू बदली होऊन गेले, ते जाताना हा ससा खोक्यात घालून फाटकाशी ठेवून गेले. नंतर दोन घरांनी त्याला हौसेनं नेलं आणि दोघांनीही परत आणून दिलं. मुलं सारखी उचलायची, तो लपून बसायचा. घरात ससा आहे असं वाटतच नाही, अशी त्यांची तक्रार.

"येणं-जाणंच फार झालंय त्याचं," पंकजा म्हणाली. "आणखी एकदा तसं झालं तर तो खाणंच सोडेल, अशी मला भीती आहे. आणि सशानं खाणं सोडलं की फार वेळ मिळत नाही. म्हणून स्पष्ट सांगते. पोळ्याच्या सुमाराला मी तुमच्या घरी येईन. तोवर तो आपणहून तुमच्यापैकी कुणाजवळ आला नसेल, तर मी त्याला घेऊन जाईन. मग तो इथंच राहील, कुणालाच देणार नाही. आणि दुसरं, त्याला विकायचं नाही."

"न्हाई इकणार," धुरपताबाई म्हणाल्या. त्या पंकजाकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

पंकजानं मग खाणंपिणं सांगितलं. शिवाय, त्याला उचलू नका. तो हातात गप्प पडून राहिला तर शांत झाला असं समजू नका, ससा फार घाबरला की दगडासारखा होतो. हे सगळं धुरपताबाईंनी आणि मी ऐकलं. तात्याराव तेव्हा शेजारच्या जाळीतल्या कुत्र्याचा पाय बघत होते.

निघताना त्यांनी पिशवीत हात घातला आणि तांबड्या सुताचं एक नवंकोरं दावं बाहेर काढलं.

"हे कशाला?" पंकजानं विचारलं.

"जनावर घेताना दावं घेणाऱ्यानं आणायचं असतंय. तुमचं दावं तुमी ठेवून घ्या. घरची लक्ष्मी दाव्यासंगं जाऊ नये."

"काका, त्याला दावं नाहीये."

"मग कसं बांधता?"

"बांधत नाही."

तात्यारावांनी दाव्याकडे पाहिलं, सशाच्या पाठीकडे पाहिलं आणि ते परत पिशवीत टाकलं. पंकजाला हसू आवरेना. मला वाटतं, त्या दाव्यानंच तिचं मन थोडं वळवलं.

परतीच्या एसटीत धुरपताबाईंच्या मांडीवर भोकं पाडलेला खोका होता. कंडक्टरनं वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "आजी, ह्येचं अर्धं तिकीट. कानाचं येगळं लागंल."

"कान मिटून बसलंय ते," धुरपताबाई म्हणाल्या. दोन्ही हातांनी खोका धरून त्या ताडकळसपर्यंत तशाच बसल्या.

चूक घरी पोचल्यावर झाली, आणि ती फक्त हेड्याच्या हातूनच होऊ शकली असती.

खोका उघडला. ससा हलेना. तात्यारावांनी सवयीनं हात घालून त्याला उचललं आणि काखेशी धरलं. मी "अहो" म्हणेपर्यंत ते कौतुकानं सांगायलाही लागले, "बग, किती गरीब हाय! हालंना बी." खरंच हलत नव्हता. डोळे तेवढे मोठे झाले होते.

"ठेवा त्येला खाली," धुरपताबाई म्हणाल्या.

"ठेवतो की. वय तर बगू दे. आदत हाय का जुळलेलं?" आदत म्हणजे अजून दुधाच्या दातांचं, आणि जुळलेलं म्हणजे सगळे दात पुरे आलेलं. नवं जनावर दारात आलं की दात बघायचे, हे इतकी वर्षं त्यांच्या हातात भिनलेलं. त्यांनी अंगठ्यानं सशाचा ओठ वर केला.

पुढचं डोळ्यांदेखत घडलं, पण नीट दिसलं नाही. त्या दगडातून एकदम स्प्रिंग सुटावी तसा ससा सुटला. तात्यारावांच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली. भिंतीला धडकून, बाजेखालून, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं तो गेला. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर अंधारी सांद आहे, तिच्यात. आतून एकच आवाज आला. धप्. मागचा पाय जमिनीवर आपटल्याचा.

धुरपताबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या न बोलण्याचेही प्रकार आहेत, आणि हा तात्यारावांनी याआधी फक्त चंद्रीच्या वेळी पाहिलेला असणार. ते मनगट धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर ससा कोठीमागंच राहिला. धुरपताबाई संध्याकाळी लसूणघास, कोथिंबिरीच्या काड्या, गणपतीला वाहतात ती हरळी सांदीच्या तोंडाशी ठेवायच्या. सकाळी ते संपलेलं असायचं. एवढाच दिलासा. पण खाताना त्याला कुणी पाहिलं नाही. कुणी खोलीत आलं की धप्. भांडं पडलं की धप्. तात्याराव खाकरले की दोनदा धप्.

श्रावण सुरू झाला होता. पोळा श्रावणाच्या शेवटी. धुरपताबाई तोंडानं काही म्हणत नव्हत्या, पण एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, ती पोरगी सबदाची पक्की हाय का वो?"

"आहे," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मंग नेईल," त्या म्हणाल्या, आणि सुपातलं धान्य पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागल्या.

इकडे तात्यारावांना वेगळंच भूत लागलं होतं. एका सकाळी ते माझ्याकडे आले.

"बाई, तुमी शाळेत ससा शिकवला असंल की."

"शिकवला. स सशाचा. त्याच्या पुढं काही गेले नाही मी."

"म्हंजी तुमाला बी म्हाईत न्हाई." त्यांना वाईट वाटलं नाही, उलट जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "न्हाई म्हंजी बगा, बैलानं कान टवकारला की मला कळतंय त्येच्या मनात काय हाय. हे तर सगळं कानच हाय, अन् काई म्हंजी काईच कळंना. भूक लागली तरी वरडत न्हाई. मारलं तरी वरडत न्हाई म्हणं. मग ह्येला सांगायचं असंल तर ह्ये सांगतंय कुणाला?"

हा प्रश्न मला आवडला. मुलांनी विचारावा असा होता.

ते स्टूल टाकून तासन्‌तास कोठीसमोर बसू लागले. सांदीत बघत. बैल निरखावा तसा निरखून. एकदा मी दळण आणायला निघाले तर धुरपताबाई दारातून सांगत होत्या, "बगत बसू नका. तुमी बगितलं की ते आनखी आत जायलंय."

"न बगता कळंल कसं?"

"मला काय इचारता? हेडी तुमी."

भुजंगच्या हॉटेलात तर विषयच तो. "तात्या, तुमचं खोंड बाहेर आलं का? का त्येनंच तुमाला घराबाहेर काढलं?" कुणी विचारी, दात किती बघितले. कुणी मनगटावरची खूण दाखवायला लावी. तात्याराव हसण्यावारी नेत. पण चहा अर्धा टाकून उठत, हे भुजंगनंच मला सांगितलं.

मग एका बाजाराच्या दुपारी धुरपताबाई माझ्या दारात आल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात चप्पल नाही. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला खुणेनं बोलावलं. आम्ही दोघी चोरासारख्या त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो.

तात्याराव जमिनीवर, कोठीच्या बाजूला, एका कुशीवर आडवे होते. बाजारातले कपडे तसेच. खांद्यावरचा पांढरा रुमाल सांदीच्या तोंडाशी पसरलेला, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत रुमालाखाली. तोंड मात्र दुसरीकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ते असे बघत होते, जणू त्यात कुणाचा तरी बैल बांधलेला आहे. इतके गप्प, की मला आधी त्यांची काळजी वाटली.

आणि रुमाल हलत होता. हाताच्या पुढं कापडाला एक उंचवटा आला होता. तो थांबे, थोडा पुढं सरके, पुन्हा थांबे. मग हाताशी येऊन तो टेकला, आणि तात्यारावांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. बाजारात उमटू देत नाहीत, तसंच.

उंचवटा माघारी जाऊन सांदीत शिरला, तेव्हा त्यांनी हात काढला, उठून बसले आणि आमच्याकडे बघून, कुजबुजत, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाले, "नाक लावलं. गार हाय नाक. वलं."

नंतर ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी बाजारात एका माणसानं त्यांना सौद्याला बोलावलं होतं. विकणारा नवखा होता, पहिल्यांदाच दारचा बैल घेऊन आलेला. रुमालाखाली त्याचा हात थरथरत होता. "असा हात दाबायचा नसतो. तसाच धरून ठेवला. तिकडं म्हशी बगत ऱ्हायलो. सौद्यात हाताकडं कवाच बगायचं न्हाई, बाई. बगितलं की समोरचा हात काढून घेतो. थोड्या वेळानं त्येचा हात आपोआप थांबला. मंग येताना वाटंत डोक्यात आलं, की आपल्या घरी बी एक जण थरथरायलाय, अन् आपण स्टूल टाकून त्येच्या तोंडाकडं बगायलोत."

धुरपताबाईंनी विचारलं, "मंग बोलला का त्यो?"

"अजून न्हाई. पर हात काढून बी घेतला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची ती वेळ ठरून गेली. काही दिवसांनी धुरपताबाईंनी सांगितलं, मलाही हात घालायचाय. त्यांची बोटं घाईची होती, जनावरांना चारा सारून सारून झालेली. ससा आला की लगेच कुरवाळायला जायची आणि तो पळायचा. तात्याराव म्हणाले, दे हात इकडं. रुमालाखाली बायकोचा हात हातात घेऊन त्यांनी दाखवलं, कसा सैल ठेवायचा, समोरच्याला आधी कसं बोलू द्यायचं. एकदा हातात हात आल्यावर मग बाकीचंही निघालं. हे बोट धरलं तर अमुक, ही दोन दाबली तर तमुक. अन् ही मूठ.

"म्हाताऱ्यानं मला बोटं शिकवली," त्या मला म्हणाल्या. असं म्हणताना पदर तोंडावर धरला होता. मग पदर काढून म्हणाल्या, "इतकी वर्सं घरात राहून मला वाटलं, लय काय तरी गूढ हाय. सोपं हाय, बाई."

ससा येऊ लागला, पण फक्त रुमालाखाली. रुमाल उचलला की पसार. उघड्यावर, माणसासमोर, तो एकदाही आला नव्हता. आणि पंकजा बघायला येणार होती ते उघड्यावरचं.

ती आली ती नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला. त्या दिवशी बैलांना धुऊन त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. आमच्या गल्लीतून ओले बैल घंटा वाजवत चालले होते, कुठंतरी हलगी तापवून वाजवून बघत होते. पंकजा स्कूटीवरून उतरली. पायाशी सशाला न्यायचा जाळीचा पिंजरा होता. धुरपताबाईंनी आधी तो पिंजरा पाहिला आणि मग तिला "या" म्हटलं.

आम्ही आत बसलो. हलगी वाजली. कोठीमागून धप्. पंकजानं आवाज ओळखला, आणि तिचा चेहरा उतरला.

"अजून मागंच असतो का?"

तात्यारावांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे सगळं सांगणार, बाजारात सांगतात तसं, चारदा वाढवून. पण त्यांनी धुरपताबाईंकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यांना ते किती अवघड गेलं असेल, ते त्यांचं बोलणं रोज ऐकणाऱ्यालाच कळेल.

धुरपताबाई उठल्या. पाहुण्यांसमोर ज्या बाईनं कधी नवऱ्याच्या शेजारी बसायचं धाडस केलं नाही, तिनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, सांदीच्या तोंडाशी पसरला, जमिनीवर बसून हात खाली घातला आणि दाराबाहेर चाललेल्या बैलांकडे नजर लावली. आम्हालाही त्यांनी डाव्या हातानं खूण केली. तिकडं बघा.

आम्ही सगळे बैल बघत राहिलो. एक तांबडा गेला, एक बांडा गेला. मागं काय चाललंय ते पाहायची माझ्या मानेला इतकी ओढ लागली होती, की शाळेत ज्या ज्या मुलाला मी "समोर बघ" म्हणाले असेन त्या सगळ्यांची मला आठवण झाली.

मग धुरपताबाईंचा आवाज आला. "बगा आता. हळू."

रुमालाच्या अलीकडच्या काठाखालून आधी एक कान आला, मग दुसरा. ससा उघड्यावर आला, आणि त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात पुढचे पाय ठेवून तिथं थांबला. नाक भराभर हलत होतं. त्यानं पंकजाला पाहिलं. तात्यारावांना पाहिलं. पळाला नाही. हलगी पुन्हा वाजली, तेव्हा त्यानं धुरपताबाईंच्या हाताखाली डोकं तेवढं घातलं. तोंड भिंतीकडे केलं नाही.

तात्यारावांना आता राहवेना. ते पुढं सरकून काळजीनं म्हणाले, "डॉक्टरबाई, एक इचारायचं ऱ्हायलं. हिच्या हाताखाली आलं की ते दात खातंय. बारीक कुरकुर लागतीय हाताला. बैल दात खायला लागला की पोटात दुखत असतंय. त्येचं बी दुखतंय का?"

पंकजानं धुरपताबाईंना विचारून सशाच्या गालाशी दोन बोटं टेकवली. थोडा वेळ थांबली. "नाही काका," ती म्हणाली, "ससे बरं वाटलं की असे दात वाजवतात. हळू, असेच. दुखत असतं तर जोरात वाजले असते."

"म्हंजी हे बोलणं हाय त्येचं?"

"हो."

"बग," तात्याराव बायकोला म्हणाले, "दात बगायचे नसतात, ऐकायचे असतात." आणि मनगटावरच्या जुन्या खुणेवरून अंगठा फिरवला.

चहा झाला. पंकजानं पिंजरा दाराशी रिकामाच ठेवला होता. निघता निघता ती घुटमळली. "काका, राग मानू नका. पण तुमचा धंदा तो. उद्या कुणी शौकीन येऊन म्हणाला, पाहिजे ते देतो, तर?"

"मला कशाला इचारता? मालकीण ती हाय." तात्यारावांनी रुमाल उचलला, झटकला आणि बायकोसमोर बसून दोघांच्या हातांवर टाकला. ससा ओच्यातच होता. तात्याराव दाराकडे बघू लागले, धुरपताबाई कोठीकडे. रुमालाखाली काही हललं. पुन्हा हललं. पंकजा माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला काय सांगणार, मलाही बोटं येत नाहीत. मग तात्यारावांचा चेहरा, जो सौद्यात कधी हलत नाही, तो हलला.

"मूठ हाय," ते म्हणाले.

"मग उघडा की," मी म्हटलं. "जिल्ह्यात तुम्ही उघडली नाही अशी मूठ नाही ना?"

त्यांनी आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला. दाबत नव्हते, हे रुमालावरूनही कळत होतं.

"न्हाई," ते म्हणाले, "ही हाय." आणि हात काढून घेतला.

पंकजा रिकामा पिंजरा घेऊन परभणीला गेली. पोळ्याला धुरपताबाईंनी दारासमोरून जाणाऱ्या बैलांची पूजा केली, तसं दरवर्षीच करतात. नैवेद्याच्या पुरणपोळीतलं तात्यारावांनी कोठीकडे न्यायला घेतलं, तर धुरपताबाईंनी अडवलं. गोड चालत नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. ते तांबडं दावं आता खुंटीवर असतं. ससा कधी कधी त्याच्या लोंबत्या टोकाला चावून बघतो.

सशाचं धुरपताबाईंनी नाव ठेवलं आहे. दुपारी रुमालाशी वाकून त्या ते पुटपुटतात, आणि आतून उंचवटा सरकत येतो. मी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तात्यारावही माहीत नाही म्हणतात; ते रोज कान देऊन बसतात, त्यांनाही ऐकू येत नाही.

"सांगा ना," मी परवा पुन्हा म्हटलं.

धुरपताबाईंनी सूप खाली ठेवलं, उजवा हात माझ्यापुढं केला, आणि हसत हसत मूठ वळली.